कोलोमाचा एक दिवस: चढ सकाळी, म्युझियम शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहता. आई-बाबा पुण्याहून आलेत, बाबांचा गुडघा दुखरा आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. मुलीला चौथीत गोल्ड रश, म्हणजे १८४८ नंतर सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे लागलेली लोकांची रीघ, शिकवायला घेतलाय. जिथे ते सोनं पहिल्यांदा सापडलं त्या कोलोमाला एखाद्या शनिवारी जाऊन थोडं हायकिंग आणि थोडा पायोनियरांचा, म्हणजे बाहेरून येऊन इथे वसलेल्यांचा, इतिहास असं दोन्ही जमेल का? म्युझियममध्ये मुलं दहा मिनिटांत कंटाळतात, त्याचं काय करायचं? आणि वेळ उरला तर त्याच दिवशी वर डोंगरातलं डॉनर लेक हे तळंही करता येईल का?

पहिल्या भागाचं उत्तर: छान जमेल. डॉनरचं शेवटी सांगतो. मी बरीच वर्षं याच भागात राहतो आणि मंडळातल्या कुटुंबांना घेऊन सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याच्या टेकड्यांत पायी फिरवतो. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र असली की माझी पहिली पसंती कोलोमालाच असते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तुम्ही वेळ पुरेल का असं विचारलंय. खरी अडचण वेळेची नाहीच. मार्शल गोल्ड डिस्कव्हरी स्टेट हिस्टॉरिक पार्क लहान आहे, खालचं गाव सावकाश चाललं तरी तासाभरात संपतं. अडचण दुहेरी आहे. एकतर तुमच्या घरात चालण्याचे तीन वेग आहेत, आणि सगळ्यांना एकत्र ठेवायचं म्हटलं की सगळेच सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालतात. मग मुलीचं हायकिंग होत नाही आणि बाबांना आपल्यामुळे सगळे अडकले असं वाटत राहतं. दुसरं म्हणजे, तिथे इतिहास तुकड्यांत समोर येतो. गाडी लावली की एक पाटी, चार पावलांवर चिनी दुकान, पलीकडे लाकडी गिरणी, वर डोंगरावर सोनं ज्याला सापडलं त्या जेम्स मार्शलचा पुतळा. कशानंतर काय झालं हे कळत नाही, आणि क्रम कळला नाही की मुलांना गोष्ट लागत नाही. मुलं कंटाळतात ती बहुतेक यामुळे.

म्हणून माझा सल्ला दोन गोष्टींचा. सकाळी दोन गट करा आणि पुतळ्यापाशी भेटा. आणि इतिहास गोष्टीच्या क्रमाने, चालता चालता सांगा. म्युझियम सगळ्यात शेवटी ठेवा.

गोष्ट गाडीतच सुरू करा. फॉल्समहून हायवे ५० ने प्लेसरव्हिलला जाऊन ४९ घेता येतो, पण तुम्ही ग्रीन व्हॅली रोडने रेस्क्यूवरून लोटस रोडला लागा. एक तर प्लेसरव्हिलकडून येणाऱ्या ४९ ची वळणं टळतात, मागच्या सीटवरच्या पाच वर्षांच्या पोटाला ते बरं. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: हा साधारण जुना कोलोमा रोड आहे. जॉन सटरच्या आजच्या सॅक्रामेंटोतल्या वसाहतीपासून, म्हणजे सटर्स फोर्टपासून, त्याच्या कोलोमातल्या लाकूड कापायच्या गिरणीपर्यंत जाणारी हीच वाट. जानेवारी १८४८ मध्ये जेम्स मार्शल सोन्याचे पहिले कण घेऊन याच वाटेने घोड्यावरून सटरकडे गेला. १८४९ मध्ये जेम्स बर्चने कॅलिफोर्नियातली पहिली घोडागाडीची नियमित सेवा सुरू केली तीही इथूनच. मुलीला विचारा, आपल्याला पाऊण तास लागतो, मार्शलला किती लागला असेल? तिने सांगितलेलं उत्तर बरोबर की चूक याला महत्त्व नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागते, आणि आपल्याला तेच हवं असतं.

आई-बाबांसाठी काळ लावून द्यायचा असेल तर १८४८ हे वर्ष सोपं आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली तेच हे वर्ष. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायला अजून पाच वर्षं होती. मी हे सांगितलं की आजोबा मंडळींचे चेहरे लगेच बदलतात. "अमेरिकेचा इतिहास" म्हणून जे परकं वाटत होतं ते एकदम आपल्या पणजोबांच्या आजोबांच्या काळाला जाऊन लागतं. मग पुढे दिवसभर तेच मुलांना सांगत राहतात.

पोहोचल्यावर आधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी जा: म्युझियमच्या परिसरात एक मोठा खडक आहे, त्यात गोल खड्डे पडलेले आहेत. इथले मूळ रहिवासी निसेनान लोक, त्यांची ही उखळं. ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, इथे कुटायची, त्याचं पीठ पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन कडवटपणा घालवायचा आणि मग शिजवायचं. तुमच्या आईंना हे समजावून सांगावं लागणार नाही. बोटं खड्ड्यात घालून त्या बहुधा स्वतःच मुलांना सांगतील की असा खोल खड्डा पडायला किती पिढ्या कुटावं लागलं असेल. मी सुरुवात इथूनच करतो, कारण पायोनियर आले तेव्हा ही दरी रिकामी नव्हती. हे पहिल्या दहा मिनिटांत मुलांच्या मनात बसलं की पुढची सगळी गोष्ट सरळ उभी राहते. हे शेवटी "आणि हो, इथे आधी मूळ रहिवासीही होते" असं जोडलं तर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मग दोन गट. तुम्ही दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन मन्रो रिज ट्रेल या डोंगरकण्यावरच्या पायवाटेने वर जायचं. दुसऱ्याने आई-बाबा आणि धाकट्याला घेऊन खाली नदीकाठी सपाटीवर रमायचं आणि नंतर गाडीने पुतळ्यापाशी यायचं. आलेल्या आजी-आजोबांकडे इथलं लायसन्स बहुधा नसतं, त्यामुळे एक ड्रायव्हर खाली हवाच. हे आदल्या रात्री ठरवा, पार्किंगमध्ये नको. वर पुतळ्यापर्यंत जाणारा रस्ता हायवे १५३, जेमतेम अर्ध्या मैलाचा. कॅलिफोर्नियातला सर्वांत छोटा राज्य महामार्ग अशी पाटीच तिथे आहे. मुलगा त्या पाटीसमोर उभा राहून फोटो काढायला एका पायावर तयार होईल.

धाकट्यानेही चढावं का? हे त्याच्यावर अवलंबून आहे. पाच वर्षांची काही मुलं तीन मैल उड्या मारत जातात, काहींना अर्ध्या मैलात उचलून घ्यावं लागतं. माझी कसोटी सोपी आहे: घराजवळच्या बागेत किंवा तळ्याकाठी तो उचलून घ्या न म्हणता, न रडता सलग एक तास चालतो का? चालत असेल तर न्या. नसेल तर त्याला आजोबांचा जोडीदार करा. त्याचं काही बुडत नाही, कारण त्याची खरी मजा दुपारी पाण्यात आहे.

आता चढाबद्दल. मन्रो रिज ट्रेल आणि नंतर पुतळ्यापासून गावात उतरणारी मॉन्युमेंट ट्रेल मिळून साधारण तीन-साडेतीन मैल होतात, चढ सुमारे पाचशे फुटांचा. राजमाची किंवा सिंहगड केलेल्या माणसाला हे काहीच नाही, पण उन्हात पहिला अर्धा तास वळणावळणाचा चढ नऊ वर्षांच्या मुलीला जाणवतो. म्हणून साडेनऊच्या आत पाय वाटेवर पडले पाहिजेत. म्युझियम शेवटी ठेवायचं पहिलं कारण हेच: सकाळचा गारवा आणि मुलांची ताकद दोन्ही एकदाच मिळतात, ती काचेच्या कपाटांसमोर खर्च करू नका. दुसरं कारण जास्त खोल आहे. आधी दरी पाहिली, नदीचं वळण पाहिलं, गिरणी पाहिली की म्युझियममधली वस्तू ओळखीची वाटते. मुलगी स्वतः म्हणते, हे आपण तिथे पाहिलं. उलट क्रमाने गेलं तर म्युझियम ही नुसती माहिती उरते.

वाट सुरू होते ती हायवे ४९ ओलांडून, मन्रो कुटुंबाच्या जुन्या फळबागेच्या जागेवरून. इथे थांबा आणि नॅन्सी गूचची गोष्ट सांगा. माझ्या मते अख्ख्या कोलोमात मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. नॅन्सी १८४९ मध्ये मिसूरीहून इथे आली ती गुलाम म्हणून, मालकाबरोबर. मुलगा अँड्र्यू मागे मिसूरीतच राहिला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून संघराज्यात आलं आणि नॅन्सी मुक्त झाली. पीटर गूचशी तिचा संसार झाला. खाणकाम करणाऱ्यांचे कपडे धुणं, शिवण, स्वयंपाक अशी कामं करून तिने पैसा साठवला. वर्षानुवर्षं साठवून १८७० मध्ये तिने अँड्र्यू मन्रो, त्याची बायको सेरा एलन आणि नातवंडं यांना मिसूरीहून आणवलं. या कुटुंबाने जमीन घेतली, फळबागा लावल्या, आणि पुढे ज्या जागी सोनं सापडलं ती नदीकाठची जमीनही त्यांच्या मालकीची झाली. १९४० च्या दशकात राज्याने उद्यानासाठी ती घेतली. आपण ज्या वाटेने चढतो तिला त्यांचं नाव आहे. आई आणि मुलाची ताटातूट आणि वीस वर्षांनी भेट, हे नऊ वर्षांच्या मुलीला कुठलीही तारीख पाठ न करता कळतं. आणि चढावर धाप लागली की "पुढे काय झालं" हे पुढच्या वळणावर सांगायचं, म्हणजे पाय आपोआप चालतात.

वर कण्यावर आलं की ओकच्या झाडांतून खाली दरी उघडते. नदी, तिचं वळण, गाव, पलीकडची टेकडी. इथे बसा, पाणी प्या, आणि आता गिरणीची गोष्ट सांगा, कारण ती वरून नकाशासारखी दिसते.

सटर हा स्विस माणूस. त्याने १८३९ मध्ये आजच्या सॅक्रामेंटोत वसाहत उभी केली. त्याला लाकूड हवं होतं, म्हणून मार्शल या न्यू जर्सीच्या सुताराबरोबर भागी करून त्याने या दरीत पाण्यावर चालणारी गिरणी बांधायला घेतली. कामावर निसेनान मजूर होते, मॉर्मन बटालियन या मॉर्मन पंथीयांच्या लष्करी तुकडीतून सुटलेले काही जण होते, स्वयंपाकाला जेनी विमर होती. चाकाखालून गेलेलं पाणी नदीला परत नेणारा चर उथळ निघाला, चाक नीट फिरेना. मग दिवसा खणायचं आणि रात्री पाणी सोडून चरातली वाळू-खडे वाहून जाऊ द्यायचे असा क्रम सुरू झाला. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी पाणी बंद करून मार्शल चर बघायला गेला आणि तळाशी चकाकणारे कण दिसले. म्हणजे सोनं शोधायला कुणी आलंच नव्हतं. नदी हजारो वर्षं जे करत होती ते काम त्या चरात एका रात्रीत झालं, हलकं वाहून गेलं आणि जड मागे राहिलं. हे एवढं मुलीला समजलं तर दुपारी पॅनिंग करताना, म्हणजे पसरट थाळीत नदीची वाळू धुऊन सोनं शोधताना, तिला आपण काय करतोय ते कळेल.

तारीख इतकी पक्की कशी, असं ती विचारेल. शाळेत शिकणारी मुलं हमखास विचारतात. हेन्री बिगलर या कामगाराची रोजनिशी आहे. चरात सोन्यासारखा दिसणारा धातू सापडला, असं त्याने त्या दिवशी लिहून ठेवलं. आणि खात्री कशी केली? मार्शलने तो कण दगडावर ठेवून ठोकला. तो फुटला नाही, चपटा झाला. जेनी विमरने साबण बनवायच्या क्षाराच्या कढईत रात्रभर टाकून पाहिला, तसाच चकचकीत निघाला. मग मार्शल तो घेऊन सटरकडे गेला आणि तिथे आम्लाची परीक्षा झाली. मुलांना हा भाग फार आवडतो, कारण यात "मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून खरं" असं काही नाही, दर वेळी करून पाहिलंय.

इथून वाट कण्याकण्याने पुतळ्यापाशी उतरते. तुमचे आई-बाबा तिथे आलेले असतील. पुतळा मार्शलचा, १८९० मध्ये उभारलेला, हाताने खाली नदीकाठच्या त्या जागेकडे बोट दाखवणारा. त्याचं दफनही तिथेच आहे. इथे जरा वेळ द्या, कारण गोष्टीचं दुसरं टोक इथे आहे. सोनं ज्याला सापडलं त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही. राज्याने १८७२ नंतर काही वर्षं त्याला पेन्शन दिली, ती पुढे बंद झाली आणि १८८५ मध्ये शेजारच्या केल्सीत तो गरिबीतच गेला. सटरचंही तसंच झालं. त्याच्या जमिनीवर लोक येऊन बसले, भरपाईसाठी तो वर्षानुवर्षं काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज करत राहिला आणि १८८० मध्ये वॉशिंग्टनला वारला. बाबांशी हे बोलायला मिळालं तर अवश्य बोला. पुतळ्याच्या पायथ्याशी आजोबा आणि नात यांच्यात कमाई, हक्क, नशीब यावर जे बोलणं होतं ते कुठल्याच पाटीवर नसतं. माझ्या फिरण्यातला सर्वांत आवडता अर्धा तास हाच.

बाबांना उतार झेपतो का ते तिथेच पाहा. गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. "उतरतानाच तर जायचंय" असं म्हणून त्यांना मॉन्युमेंट ट्रेलवर घेऊ नका. त्यांनी गाडीनेच खाली यावं. मार्शल पुढे जिथे राहिला ती छोटी लाकडी केबिन आणि जुनं चर्च रस्त्याने येताना बघता येतात. मुलगा मात्र उतारावर ताईबरोबर यायला हट्ट करेल, त्याला येऊ द्या, अंतर थोडं आहे.

आतापर्यंतचा क्रम एकदा ओळीने सांगतो म्हणजे तुम्हाला ठरवायला सोपं: नऊच्या सुमारास पोहोचायचं, उखळांचा खडक सगळ्यांनी मिळून, मग चढणारा गट रिजवर आणि दुसरा नदीकाठी, साडेअकराच्या आसपास पुतळ्यापाशी भेट, खाली येऊन जेवण, मग गिरणी आणि पॅनिंग, आणि दोन-अडीचला म्युझियम. चारला परतीला लागलात तरी उजेडात घरी.

जेवण घरून न्या. दशम्या, दाण्याची चटणी, काकडी, भरपूर पाणी. नदीकाठी झाडाखाली बाकं आहेत. कचरा बरोबर परत आणा, हे मराठी मंडळींना सांगायला नको, पण संत्र्याच्या सालीही झाडाखाली टाकू नका. त्या तिथे लवकर कुजत नाहीत.

जेवणानंतर गिरणी. तुम्हाला दिसते ती प्रतिकृती आहे आणि ती मूळ जागेवर नाही. मूळ जागा नदीच्या काठाला आहे, दगडी खुणेने दाखवलेली. दोन्हीकडे जा. प्रतिकृतीपाशी करवत आणि चाक कसं चालायचं ते कळतं, काठावर उभं राहिलं की चर कुठे होता ते कळतं. सकाळी वरून पाहिलेलं आता पायाखाली आहे, हे मुलीला स्वतःला बोलू द्या.

मग पॅनिंग. गावात पाण्याचे लाकडी हौद आहेत, तिथे थोडे पैसे देऊन शिकवतात. धाकट्यासाठी हेच बरं. खुद्द नदीत फक्त पलीकडच्या ठरावीक काठावर आणि फक्त हातांनी आणि पॅननेच परवानगी असते. फावडं, चाळण काही नाही. कुठून कुठपर्यंत ते त्या दिवशी विचारून घ्या. करायचं कसं: पॅन वाळूने अर्धा भरायचा, पाण्याखाली धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवायचा म्हणजे जड ते तळाला जातं, मग थोडा कलता धरून पाण्याच्या लाटेने वरची हलकी वाळू बाहेर जाऊ द्यायची, पुन्हा हलवायचं. सुपात धान्य पाखडायची जी लय असते तीच इथे हवी, आणि म्हणून आजीला हे सगळ्यात आधी जमतं. शेवटी काळी वाळू उरते, ती लोहयुक्त, म्हणून जड. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड आणि साधी वाळू अडीचपटीच्या आसपास, त्यामुळे काही असेल तर त्या काळ्या वाळूच्याही खाली. मुलांना घाई करू देऊ नका. एकच पॅन, पण शेवटपर्यंत.

नदीबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. अमेरिकन नदीचा हा साऊथ फोर्क, म्हणजे दक्षिणेकडचा फाटा, राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे, यावरूनच प्रवाह समजा. वर धरणं आहेत. पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते, आणि उन्हाळ्यातही पाणी गार असतं. पॅनिंग घोट्याएवढ्या पाण्यात, मोठं माणूस हाताच्या अंतरावर. पोहणं नाही. कोकणातल्या नदीत वाढलेल्या आजोबांना हे पाणी ओळखीचं वाटू शकतं, पण ते तसं नाही.

आता म्युझियमकडे जाताना वाटेत दोन दगडी चिनी दुकानं लागतील, मॅन ली आणि वाह हॉप यांची. इथे पाच मिनिटं थांबाच. १८४९ आणि नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसं कॅलिफोर्नियात आली. बैलगाड्यांतून मिसूरी नदीकडून दोन हजार मैल, केप हॉर्नला वळसा घालून जहाजाने, पनामा ओलांडून, आणि पॅसिफिकपलीकडून चीनमधून. परदेशी खाणकामगारांवर १८५० मध्ये महिना वीस डॉलरचा कर बसला. तो मागे घेतल्यावर १८५२ मध्ये नवा कर आला, त्याचा भार मुख्यतः चिनी लोकांवर पडला. आपण स्वतः परक्या देशातून इथे येऊन राहिलेली माणसं आहोत, त्यामुळे या दुकानांपाशी मला नेहमी थांबावंसं वाटतं, आणि मुलांनाही हे त्यांच्या घराशी जोडून सांगता येतं.

मूळ रहिवाशांचं पुढे काय झालं हे मुलीला किती सांगायचं, हा निर्णय तुमचा. नऊ वर्षांच्या मुलांना मी खरं सांगतो, पण थोडक्यात: रोगराई, उपासमार आणि हिंसा यांमुळे १८४८ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेले कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी १८७० पर्यंत सुमारे तीस हजारांवर आले, आणि १८५० च्या एका कायद्याने त्यांना सक्तीने कामाला लावण्याची वाट मोकळी केली. सकाळी उखळांच्या खडकाला हात लावलेला असतो, त्यामुळे हे आकडे तिला कोरडे वाटत नाहीत. पाच वर्षांच्या मुलासाठी "त्यांची जमीन गेली, जंगल गेलं, खायला मिळेना" एवढं पुरे. आणि निसेनान लोक आजही आहेत, हे दोघांनाही सांगा.

मग म्युझियम. मुलांना आत सोडण्यापूर्वी प्रत्येकाला एकच काम द्या. मुलीने आज पाहिलेल्या तीन गोष्टी आत शोधायच्या आणि वहीत काढायच्या, मुलाने चाक असलेली वस्तू शोधायची. चाळीस मिनिटं सहज जातात. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मी नॅन्सी गूच सुचवेन. वर्गातली बहुतेक मुलं गिरणीची प्रतिकृती करतात, आणि हिने तर ती वाट स्वतः चढलेली असेल. ताकद उरली तर कोल्ड स्प्रिंग्ज रोडवरच्या पायोनियर सेमेटरीत दहा मिनिटं जा. गूच-मन्रो कुटुंबाच्या कबरी तिथे आहेत.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी अशा. ऋतू सर्वांत मोठा. कोलोमा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसातशे फुटांवर आहे, म्हणजे बर्फाचा प्रश्न नाही पण जुलै-ऑगस्टला पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो आणि रिजवर सावली तुटक. फेब्रुवारी अखेर ते मे उत्तम, टेकड्या हिरव्या, पॉपी फुललेल्या. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. आई-बाबा उन्हाळ्यातच असतील तर रिज सोडून द्या, सकाळी नदीकाठ आणि गाव, गाडीने पुतळा, एवढंच करा. मुलीला पुतळ्यापासून मॉन्युमेंट ट्रेलने उतरू द्या, तिचं हायकिंग होतं. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर मातीची वाट घसरडी असते, एक दिवस जाऊ द्या.

पॉयझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज आणि पुरळ उठवणारं झुडूप, वाटेच्या कडेला भरपूर आहे. तीन-तीन पानांचा जुडगा, वसंतात तकतकीत, शरदात लालभडक. मुलांना नेमकी तीच लाल पानं उचलायची असतात, म्हणून चढायच्या आधी एक झुडूप लांबून दाखवून ठेवा. लांब पँट घाला आणि घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला टाका. वसंतात ऊब वाढली की रॅटलस्नेक, हे विषारी साप, बाहेर येतात. वाट सोडायची नाही आणि दिसत नसलेल्या दगडामागे हात घालायचा नाही, हा नियम सह्याद्रीत पाळतो तोच. संध्याकाळी गोचीड तपासा, विशेषतः मोज्यांच्या कडेला. रिजवर पाणी मिळत नाही, माणशी एक लिटर वर न्या. उद्यानाचं शुल्क गाडीमागे असतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी वाट उघडी आहे का ते उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

राहिलं डॉनर लेक. त्याच दिवशी नको. कोलोमाहून ऑबर्नमार्गे तिथे जायला दीड-दोन तास लागतात, म्हणजे पॅनिंग किंवा म्युझियम कापावं लागेल, आणि संध्याकाळी थकलेली मुलं गाडीत. पण अंतरापेक्षा गोष्टीचं वजन हे मोठं कारण आहे. १८४६ च्या ऑक्टोबर अखेरीस कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या डॉनर गटाची माणसं तिथे बर्फात अडकली, सुमारे ऐंशीपैकी निम्मी दगावली, आणि जगण्यासाठी काहींना मेलेल्या सोबत्यांचं मांस खावं लागलं, ते पाच वर्षांच्या मुलाला सांगायचं नाही. तिथल्या स्मारकाचा चौथरा बावीस फूट उंच आहे, त्या हिवाळ्यात बर्फ किती चढला होता ते दाखवायला. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की जुलैत स्वतंत्र दिवस काढा, खाली तळ्याकाठी सुरुवात करा आणि मग खिंडीवर जा. या खेपेला आई-बाबांना उंच सिएरा दाखवायचीच असेल तर दुसऱ्या शनिवारी हायवे ५० ने टाहोला जा, चालायचं ते तळ्याकाठच्या सपाट वाटेवर. तिथली उंची सहा हजार फुटांच्या वर आहे, म्हणून बाबांना रक्तदाबाचं औषध चालू असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.